कुत्र्याला फ्रान्सला न्यायचंय? आधी परतीचं बघा

आमच्या घरात आम्ही चौघं. तिघांचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे फ्रान्सला जायचं म्हटलं की शेंगेन व्हिसा, बँकेची स्टेटमेंटं आणि लंडनची एक खेप ठरलेली. चौथा आमचा खंडू. जन्म रेडिंगजवळच्या एका शेतावरचा, जातीने बीगल, नाव मात्र जेजुरीचं. त्याला व्हिसा लागत नाही म्हटल्यावर साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "त्याचं बरंय मग!" बरं कसलं? गेल्या तीन वर्षांत मी माझ्या व्हिसापेक्षा त्याच्या कागदांवर जास्त रात्री जागलोय.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच कुत्र्याला गाडीत घालून युरोपात सुट्टीला निघालेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. खरं म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. जाताना कुत्र्याचे कागद फारसं कोणी उघडून बघत नाही. येताना मात्र एकेक ओळ वाचतात. म्हणून घर कुठे घ्यायचं, समुद्र किती लांब आहे हे सगळं नंतर. आधी कॅलेहून, म्हणजे समुद्रापलीकडच्या फ्रेंच बंदरातून, परत कधी निघणार तो दिवस आणि ती वेळ कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या.

चिप आणि रेबीज: निदान महिनाभर आधी

आपल्याकडे कुत्रा म्हटलं की रेबीज आधी आठवतो. पोटात चौदा इंजेक्शनं, ही धमकी ऐकतच आपण मोठे झालो. त्यामुळे खंडूची सगळी इंजेक्शनं झाली आहेत म्हणजे रेबीजचंही झालंच असणार, असं मी धरून चाललो होतो. झालेलं नव्हतं. ब्रिटनमधल्या कुत्र्यांत रेबीज नाही, म्हणून इथल्या दरवर्षीच्या लशींत तो येतच नाही. तो वेगळा मागावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी मायक्रोचिप (कातडीखाली टोचायची, ओळखीच्या नंबरची), मग लस. दोन्ही एकाच दिवशी केलं तरी चालतं, पण चिप आधी वाचली गेली पाहिजे. चिपच्या आधी टोचलेली लस प्रवासासाठी धरत नाहीत, ती परत द्यावी लागते. पिल्लू निदान १२ आठवड्यांचं हवं. पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबायचं आणि लस दिली तो दिवस शून्य धरायचा. म्हणजे १ जूनला टोचलं तर २२ जूनपासून निघता येतं. थोडक्यात, साडेतीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला घेऊन फ्रान्सला जाण्याचं स्वप्न सोडून द्या.

बूस्टर वेळेत दिला असेल तर २१ दिवसांची अट परत लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती पहिली लस धरली जाते आणि मोजणी नव्याने सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं ईस्टर असंच गेलं: बूस्टरची तारीख मंगळवारी संपली होती, हे गुरुवारी घेतले. फ्रान्सऐवजी कॉर्नवॉलला गेले. मजा आली म्हणाले, पण तोंडावरून तसं वाटलं नाही.

चिपबद्दल आणखी एक. टोचतात मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, पण वर्षा-दोन वर्षांत ती कधीकधी सरकते. खंडूची डाव्या खांद्यावर गेली आहे. लशीच्या वेळी व्हेटकडून, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडून, ती एकदा वाचून घ्या, कुठे सापडली ते विचारा, आणि १५ आकडी नंबर लशीच्या पुस्तकातल्या नंबरशी स्वतः ताडून बघा. चिपच्या डेटाबेसमधला तुमचा फोन नंबर पण तेव्हाच तपासा. घर बदललेल्या निम्म्या लोकांनी तो बदललेला नसतो, असा माझा अंदाज आहे. मीही बदलला नव्हता.

सर्टिफिकेट: शेवटच्या दहा दिवसांत

पूर्वी इथला व्हेट निळा युरोपियन पेट पासपोर्ट द्यायचा आणि तो वर्षानुवर्षं चालायचा. ब्रिटनमध्ये काढलेला तो पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून युरोपात शिरायला चालत नाही. कपाटात असेल तर आठवण म्हणून ठेवा. आता लागतं ते अ‍ॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट, आणि ब्रिटनहून निघालात की प्रत्येक खेपेला नवं.

हे सर्टिफिकेट कुठलाही व्हेट देऊ शकत नाही. सरकारने अधिकार दिलेला, ज्याला इथे ऑफिशियल व्हेटरिनेरियन म्हणतात, तोच देतो. तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात असा कोणी असेलच असं नाही, असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये त्याची वेळ मिळेलच असं नाही. युरोपात पाऊल ठेवायच्या आधीच्या दहा दिवसांतच ते काढावं लागतं, त्यामुळे "लवकर उरकून टाकू" हा आपला आवडता उपाय इथे चालत नाही. अपॉइंटमेंट मात्र दोन महिने आधी घ्या. किमतीचा तर मेळच नाही: आम्ही एकाच आठवड्यात तीन ठिकाणी विचारलं तर १०५ पासून २३० पौंडांपर्यंत आकडे आले. कागद तोच, शिक्का तोच.

जाताना कुत्रा, लशीचं पुस्तक आणि चिप कधी बसवली त्याची नोंद न्या. सर्टिफिकेट इंग्रजीत आणि ज्या देशातून युरोपात शिरणार त्या देशाच्या भाषेत असतं. मुक्काम इटलीत असला तरी उतरणार कॅलेला, म्हणजे फ्रेंच हवं. हे व्हेटला स्पष्ट सांगा. घरी आल्यावर चहा घेत सगळी पानं वाचा. चिपचा एक आकडा चुकला असेल तर तो आज सापडलेला बरा.

कुत्र्याबरोबर कोण जाणार हेही त्यावर लिहिलेलं असतं. बायको आणि मुलगी गाडीने पुढे जाणार, तुम्ही ऑफिसमुळे तीन दिवसांनी विमानाने, असं असेल तर जो कुत्र्याबरोबर आहे त्याच्याकडे मालकाची लेखी परवानगी हवी. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही.

नियम अधूनमधून बदलतात. २०१२ मध्ये बदलले, २०२१ मध्ये बदलले. म्हणून बुकिंगच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारचं पाळीव प्राण्यांच्या प्रवासाचं पान एकदा वाचाच, माझ्यासकट कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नका.

जंताची गोळी

सगळा खेळ इथे आहे.

ब्रिटनमध्ये परत येणाऱ्या कुत्र्याला टेपवर्मचं, म्हणजे पट्टकृमीचं औषध दिलेलं असावं लागतं. ते तुम्ही घरी देऊन चालत नाही, व्हेटनेच द्यायचं आणि व्हेटनेच लिहायचं. वेळ: ब्रिटनमध्ये शिरण्याच्या २४ तासांपेक्षा अलीकडे नाही आणि १२० तासांपेक्षा पलीकडे नाही. एक दिवस ते पाच दिवस, तेही घड्याळ लावून.

एका साध्या जंताच्या गोळीसाठी एवढा बाऊ का, असं मलाही वाटायचं. हा जंत साधा नाही. मध्य युरोपातल्या कोल्ह्यांच्या पोटात तो असतो; पूर्व फ्रान्स, स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी हे त्याचं माहेर. कोल्ह्याच्या विष्ठेतून अंडी गवतात पडतात, ती शेतातल्या उंदरासारख्या छोट्या प्राण्यांच्या पोटात जातात, आणि तो उंदीर खाणाऱ्या कोल्ह्याच्या किंवा कुत्र्याच्या पोटात जंत वाढतो. कुत्र्याला काहीच होत नाही, मजेत असतो. पण त्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या तोंडात गेली तर यकृतात गाठीसारखं काहीतरी वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतं आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. ब्रिटनमधल्या कोल्ह्यांत हा जंत नाही, आणि येऊ द्यायचा नाही म्हणून ही गोळी.

वेळेचं गणितही त्यातूनच आलंय. प्राझिक्वांटेल नावाचं औषध पोटात असलेले जंत मारतं, पण अंगात टिकत नाही. उद्या कुत्र्याने नवा उंदीर खाल्ला तर कालच्या गोळीचा उपयोग शून्य. म्हणून पाच दिवसांची मर्यादा. आणि औषधाने काम करून जंत बाहेर पडेपर्यंत कुत्रा तिकडेच असावा, म्हणून निदान चोवीस तास. २०११ संपेपर्यंत ही खिडकी फक्त २४ ते ४८ तासांची होती. त्याहून मागे गेलं, २८ फेब्रुवारी २००० च्या आधी, तर परत येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटीनमध्येच टाकायचे. तेव्हा तक्रार करताना जरा बेताने करावी.

आता मोजा. समजा कॅलेहून तुमची गाडी (मोटारीसकट बोगद्यातून नेणारी आगगाडी) शनिवारी दुपारी २ ला आहे. सोमवारी दुपारी २ च्या आधी दिलेली गोळी चालणार नाही, शुक्रवारी दुपारी २ च्या नंतरचीही नाही. नवखे लोक गुरुवार-शुक्रवार बघतात, "जवळची बरी" म्हणून. मी म्हणतो बुधवार सकाळ. बुधवारी ११ ला गोळी झाली तर गुरुवारी ११ पासून पुढच्या सोमवारी ११ पर्यंत तुम्ही मोकळे. संप झाला, गाडी बंद पडली, मुलीला ताप आला, तरी दोन दिवस हातात. आणि शनिवारऐवजी शुक्रवारी निघावंसं वाटलं तरी अडचण नाही.

हे शहाणपण पहिल्या वर्षी नव्हतं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला गोळी दिली आणि शनिवारी दुपारी तीनची गाडी घेतली. "एक दिवस झाला की!" असं मी ठामपणे म्हणालो होतो. कॅलेच्या तपासणीच्या खिडकीवर दोन वाजता पोचलो. खिडकीतल्या बाईने कागद वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि अगदी गोड आवाजात साडेपाचच्या आत सोडता येणार नाही म्हणून सांगितलं. साडेतीन तास कुत्र्यांसाठी राखलेल्या हिरवळीच्या तुकड्यावर बसून काढले. खंडूने तिथल्या प्रत्येक खांबाची ओळख करून घेतली. बायको काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. पुढच्या गाडीचे जास्तीचे पैसे अर्थात आमचेच.

फ्रान्समधल्या व्हेटची वेळ घरून निघण्याआधीच घ्या. शनिवार दुपारनंतर आणि रविवारी दवाखाने सहसा बंद, १४ जुलै आणि १५ ऑगस्टला सुट्टी (हो, त्यांनाही १५ ऑगस्टला सुट्टी असते, कारण वेगळं), आणि ऑगस्टमध्ये छोट्या गावातला डॉक्टर स्वतःच कुठेतरी समुद्रावर असतो. कॅलेजवळचे दवाखाने इंग्रज कुत्र्यांना सरावलेले आहेत, पण तुम्ही आठवडाभर नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्यमध्ये असाल तर तिथलंच गाव बरं. मोठ्या परतीच्या प्रवासात आणखी एक थांबा नको. फोनवर इंग्रजी चाललं नाही तर एवढं म्हणा: "वर्मिफ्यूज, पूर रांत्रे आं आंग्लतेर". इंग्लंडला परत जायला जंताचं औषध. आजपर्यंत प्रत्येक ठिकाणी कळलं आहे.

गेल्या उन्हाळ्यातला दवाखाना असा: टाऊन हॉलच्या मागे एक खोली, भिंतीवर गोचिडांचं मोठं चित्र, आणि एक उंच, फारसं न बोलणारी डॉक्टर. तिने आधी चिप वाचली, आकडे मोठ्याने म्हणत कागदाशी जुळवले. मग गोळी चीजच्या तुकड्यात दाबून खंडूपुढे धरली. खंडूने चीज खाल्लं, गोळी जिभेने बाजूला काढून फरशीवर ठेवली आणि शेपूट हलवली. दुसऱ्यांदा तिने जबडा उघडून गोळी थेट घशात टाकली, गळा चोळला, तोंड परत उघडून बघितलं. मगच घड्याळाकडे बघून ११:२० लिहिलं. पहिली नाही, दुसरी वेळ. तिच्याबद्दलचा माझा आदर तिथेच वाढला.

दवाखान्यातून पाय काढण्याआधी टेबलाशी उभं राहूनच सर्टिफिकेटवरचा जंताच्या औषधाचा रकाना तपासा: औषधाचं आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव, तारीख, वेळ, डॉक्टरचं नाव, शिक्का, सही. वेळ राहून जाते, सगळ्यात जास्त तीच. शिक्का फिकट उमटला असेल तर परत मारून मागा. भिडेखातर गप्प बसू नका. ती भीड कॅलेला महाग पडते. पैसे ठिकठिकाणी वेगळे, आम्ही ४२ युरो दिले.

लांब वीकेंडपुरतंच जाणार असाल तर ही सगळी धावपळ टळते. निघण्याआधी इथल्याच व्हेटकडून गोळी देऊन लिहून घ्या. गुरुवारी संध्याकाळी ६ ला दिली तर शुक्रवारी ६ नंतर आणि मंगळवारी ६ च्या आत परत आलात की झालं. बेल्जियममधल्या ब्रूजला एवढ्यात आरामात जाऊन येता येतं.

आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे इथून थेट ब्रिटनला परतताना गोळी लागत नाही. तिथे जाताना लागते. उलटं आहे, लक्षात ठेवा.

कशाने जायचं

गाडीने. दुसरा सोयीचा मार्ग नाही. ब्रिटनमध्ये येणाऱ्या विमानात कुत्रा तुमच्या पायाशी बसू शकत नाही, त्याला कार्गोनेच यावं लागतं. लंडन-पॅरिस युरोस्टारमध्ये मदतनीस कुत्रे सोडले तर प्रवेश नाही. राहिले समुद्राखालचा बोगदा आणि फेरीबोट. फोकस्टनहून बोगद्यातून आगगाडीने ३५ मिनिटं, कुत्रा तुमच्याबरोबर मोटारीतच. फेरीबोटीत कमी अंतरावर त्याला बहुधा खाली गाडीत एकटं ठेवावं लागतं. पोर्ट्समथहून जाणाऱ्या लांबच्या फेरीबोटींत कुत्र्यासह राहायच्या खोल्या असतात, पण त्या जानेवारीतच संपतात. खंडू एकटा राहिला की रडतो, म्हणून आम्ही बोगदावाले.

परतीला कॅलेच्या बाजूला तिकीट खिडकीच्या आधीच प्राण्यांची तपासणी असते. सरळ गाडी घेऊन पुढे जाऊ नका, आधी तिथे जा. चिप वाचायचं यंत्र तुमच्याच हातात देतात. मान, मग दोन्ही खांदे, मग कोपरापर्यंत सावकाश फिरवा. पहिल्या वर्षी मी नुसता मानेवर फिरवत बसलो आणि मागची रांग खाकरू लागली. कागदात खोट निघाली तर कुत्र्याला परत पाठवतात, किंवा ब्रिटनमध्ये चार महिन्यांपर्यंत क्वारंटीन होऊ शकतं, खर्च तुमचा.

गाडीत काय नको

मांस आणि दूध असलेलं काहीही ब्रिटनमधून युरोपात न्यायला मनाई आहे, आणि त्यात कुत्र्याचं खाणंही आलं. त्याची नेहमीची पिशवी, चघळायची हाडं, सगळं घरी. आजारपणासाठी लागणारं खास अन्न तेवढं दोन किलोपर्यंत चालतं. निघण्याआधी आठवडाभर तिकडे मिळणारा ब्रँड थोडा थोडा मिसळून द्या, नाहीतर पहिल्या मुक्कामाच्या गालिच्यावर त्याचा निकाल लागतो. माणसांनाही तोच नियम, तेव्हा वाटेत खायचे पनीर पराठे डोव्हरच्या अलीकडेच संपवा. येतानाचं सांगायचं तर २०२५ च्या एप्रिलपासून युरोपातलं चीज आणि मांस ब्रिटनमध्ये आणायलाही बंदी आली.

न्यायचं ते: गोचीड आणि वाळूमाशी दोन्ही पळवणारा पट्टा किंवा औषध. फ्रान्सच्या दक्षिणेला वाळूमाशीच्या चाव्यातून लीशमॅनिया होतो, गोचिडांतून बॅबेसिया. कुत्रा अचानक मलूल झाला, लघवी चहासारखी गडद झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. फ्रेंच व्हेट या बॅबेसियाच्या आजाराला "पिरो" म्हणतात, नुसतं म्हटलं तरी समजतं. विमा परदेशात चालतो का हेही बघून ठेवा.

आणि जातीचं बघा. पिटबुल वळणाचे कुत्रे फ्रान्समध्ये नेताच येत नाहीत, रॉटवायलर असेल तर बाहेर तोंडाला जाळी हवी.

"पुण्याला नेता येईल का?"

महाराष्ट्र मंडळात खंडूची गोष्ट निघाली की हा प्रश्न येतोच. सुट्टीपुरतं? माझं मत, नको. तिकडे उतरायला भारताच्या पशु संगरोध विभागाची ना-हरकत लागते, आणि येताना विमानाचा कार्गो. तरी न्यायचाच असेल, वर्षभरासाठी परत जाताय वगैरे, तर एक काम इथून निघण्याआधी करा. रेबीजच्या लशीनंतर ३० दिवस उलटले की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी. लशीचा असर ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा त्याहून जास्त यावा लागतो. ब्रिटनच्या यादीत भारत रेबीजसाठी विनाअटीचा देश नाही, त्यामुळे ही तपासणी नसेल तर परतीचा दरवाजा बंद. निघण्याआधी लस, तपासणी आणि कागद झाले असतील तर येताना वेगळं थांबावं लागत नाही. तिकडे गेल्यावर केली, तर रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने कुत्रा कोथरूडला आजीकडे, आणि तुम्ही इथे व्हिडिओ कॉलवर.